दुरुस्त न झालेली शेगडी

ओवारो, ४ ऑक्टोबर

ती. निवेसताईस दोरीनोचा सा. न. वि. वि.

इकडे आम्ही दोघं ठीक. आईचं मनगट सांधलं, पण यापुढे लाकडं उचलायची नाहीत असं डॉक्टरांनी बजावलंय. तिनं उलट त्यांनाच विचारलं, की मग चूल काय तुमची बायको पेटवणार? शेवटी मार्ग मीच काढला. खालच्या रस्त्यावरची खानावळ बंद झाली, तिथली लाकडाच्या भुशाच्या गोळ्यांवर चालणारी जुनी शेगडी जवळजवळ फुकटात उचलून आणली. वर टाकीत गोळ्या ओतायच्या नि बटण दाबायचं. आतला स्क्रू बेताबेतानं घास भरवतो, पंखा वारा घालतो.

दशा मात्र भयंकर होती. धुराच्या नळीत उंदराचं घरटं, दाराची पट्टी कुजलेली, पेटवणारी कांडी जळून गेलेली. कागदगिरणीतून आलो की तिच्यापुढेच मांडी ठोकून बसत होतो. शेजारचा बेप्पी रोज डोकावून विचारायचा, की लग्नाची तारीख कधीची? काल सुट्टी होती, तर माझ्या खोलीत रात्रभर चालवली. एकदाही विझली नाही. रविवारी आईकडे बसवतो.

लोभ वाढवायला तुला सवड नसते. आहे तेवढा तरी ठेव.

तुझा दोरीनो

उदिने, १२ ऑक्टोबर

चि. दोरीनोस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून हसले नि मग काळजीत पडले. माझं शिवणयंत्र तू दुरुस्त केलंस तेव्हा चार स्क्रू उरले होते, ते मी अजून जपून ठेवलेत. शेगडीतले किती उरले?

आता रागावू नकोस. तोल्मेत्सोच्या वृद्धाश्रमात एक खोली रिकामी होतेय, नोव्हेंबर संपेपर्यंत ती राखून ठेवतो म्हणालेत. तू रात्रपाळीला, मी इथे, आणि ती त्या गारठलेल्या घरात एकटी. तुझ्या दोन जिन्यांवरच्या खोलीत ती राहत नाही, माझ्याकडे चार दिवसांत तिचा जीव घुसमटतो. शेगडी नीट चालली तर आश्रमाचं नाव काढणार नाही. नाही चालली, तर तू आडवा यायचं नाहीस.

आईला जप, स्वतःलाही. माया आहेच.

तुझी ताई

ओवारो, ८ नोव्हेंबर

ती. ताईस सा. न.

खोटं कशाला लिहू? शेगडी दगा देतेय. संध्याकाळी लावून कामावर जातो तेव्हा छान धडधडत असते. सकाळी येऊन बघावं तर थंडगार. आत गोळ्या जळतात तो पेला राखेनं काठोकाठ भरलेला, वर न जळलेल्या गोळ्यांचा ढीग, काच काळीठिक्कर. पंखा बदलला, स्क्रूचा वेग कमी केला, धुराडं दोनदा झाडलं. दिवसा समोर बसलं की गुणी पोरीसारखी वागते.

मृतांच्या रात्री, गेलेली माणसं घरी येतात म्हणून, आईनं रीतीप्रमाणे त्यांच्यासाठी पाण्याची बादली नि भाकरी ठेवली होती. सकाळी मला म्हणाली, की तुझे बाबा येऊन गारठ्यात उभे राहिले असतील. बेप्पी म्हणतो, आयुष्यभर गिरणीची यंत्रं हाकलीस नि एका डब्यापुढे नाक घासतोस. त्याचं सोड, पण मला आईला घरातून हलवायचं नाही, ताई. थोडा धीर धर.

लोभात खंड नको.

दोरीनो

उदिने, १५ नोव्हेंबर

चि. दोरीनोस आशीर्वाद.

धीर धरला आहे. पण तिकडे बर्फ पडल्याचं इथे कळलं. आश्रमाला शेवटचा होकार महिनाअखेरीस द्यायचा आहे. मला दुष्ट समजू नकोस रे.

तुझीच, ताई

ओवारो, २३ नोव्हेंबर

ती. ताईस सा. न.

होकार कळवून टाक.

मंगळवारी सकाळी गेलो तर स्वयंपाकघर धुरानं भरलेलं आणि आई डोकं धरून खुर्चीत. खिडक्या उघडल्या, तिला बाहेर बसवलं, आणि सरळ रजा टाकून तिथेच मुक्काम ठोकला. त्याच संध्याकाळी जेवण उरकल्यावर ती उठली, जपमाळ खिशात टाकली, शेगडीचं दार उघडलं आणि बादलीतली राख फावड्यानं जाळावर पसरली. अगदी हलक्या हातानं, तान्ह्या लेकराला पांघरूण घालावं तशी. चुलीतले निखारे झाकायची तशी. विचारलं तर म्हणाली, की विस्तव झाकल्याशिवाय झोपते ती बाई सकाळी शेजारणीच्या दारात विस्तव मागते.

चुलीतला विस्तव राखेखाली टिकतो, पण या शेगडीचा जाळ गुदमरतो, हे मी सगळं समजावून सांगितलं. तिला पटलंही, स्वतःवर हसली. दुसऱ्या संध्याकाळी पुन्हा तेच. सांगितलेलं तिला आठवतच नव्हतं, ताई. राखेची बादली लपवली, तर अंगणातल्या कुंडीतली माती आणली. मी रडलो, तुला सांगायला लाज कसली.

शेगडीत काही बिघाड नाही. मी अगदी छान दुरुस्त केलीय.

आईला मात्र सांगितलं, की ही काही माझ्यानं दुरुस्त होत नाही, म्हणून हिवाळाभर तोल्मेत्सोला राहावं लागेल. गावातही तेच सांगितलंय. तूही तेच सांग, आणि ती शेगडीला नावं ठेवायला लागली की तिच्यासमोर मला चार शब्द सुनाव.

मला वाटलं होतं चिडेल. तिनं माझे काळे झालेले हात आपल्या एप्रननं पुसले आणि म्हणाली, की वाईट वाटून घेऊ नकोस, सगळ्यांनाच सगळं जमत नाही.

तुझ्या लोभाची आता गरज आहे.

दोरीनो