मुक्काम क्वालालंपूर, काळाचौकी

३ नोव्हेंबर
आजपासून रोज लिहिणार. क्वालालंपूरला जायला पंधरवडा उरला. मी, अनुजा आणि आई. टूर कंपनी अजिबात नाही. टूर म्हणजे मेंढरं. गळ्यात बिल्ले, पुढे एक झेंडेवाला, आणि जिथे जाल तिथे पोहे. खालच्या मजल्यावरचा हितेश असाच दुबई करून आला. काय पाहिलंस विचारलं, तर म्हणे नाश्ता फार छान होता. अशांना पासपोर्ट देतातच कशाला.
मी स्वतः अजून परदेशी गेलेलो नाही, हे तांत्रिकदृष्ट्या खरं. पण व्हिडिओ बघून अर्धं जग झालंय. प्रत्यक्ष जाणं ही नुसती फॉर्मॅलिटी.

६ नोव्हेंबर
चाळीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मार्गदर्शन सुरू केलं. आजचा सल्ला: पॉवर बँक चेक-इनच्या बॅगेत टाकू नये, हातातल्या बॅगेत ठेवावी. शेजारच्या जाईबाईंनी जोडलेले हात पाठवले. लोकांना ज्ञानाची तहान आहे.
हितेशने लिहिलं, दीपकदादा, पासपोर्टची मुदत बघून घ्या. बघितली. फेब्रुवारीपर्यंत आहे, म्हणजे पार पुढच्या वर्षापर्यंत. उत्तर दिलं नाही. दुबईवाल्याशी काय बोलायचं.

१२ नोव्हेंबर
आईचं सामान तपासलं. हातातल्या पिशवीत खोबरेलाची बाटली. विमानात पातळ पदार्थ किती चालतात ते समजावलं. आईचं म्हणणं, खोबरेल पातळ नसतं, थंडीत गोठतं. अनुजा हसली. एरवी या दोघी एकमेकींशी माझ्यामार्फत बोलतात. मीठ हवं असलं तरी मला सांगतात. परदेशात दोघींना सांभाळायचं म्हणजे माझी कसोटीच.
बाटली मोठ्या बॅगेत टाकली. सुके बांगडे जप्त केले.

१४ नोव्हेंबर
संध्याकाळी शिवाजी पार्क. कट्ट्यावर रिटायर्ड मंडळी युरोपच्या गप्पा मारत होती. सगळ्यांनी तोच डोंगर, तीच ट्रेन, तेच चॉकलेट. मी त्यांच्या तीन-चार चुका दाखवल्या. एकाने विचारलं, तुम्ही कधी गेला होतात? विषय तो नव्हता. थोड्या वेळाने सगळे उठून पलीकडे जाऊन बसले. जाणकार माणूस या शहरात एकटाच असतो.

१६ नोव्हेंबर
चाळीने निरोप दिला. नारळ, हार, फोटो. मी दोन शब्द बोललो. ते लांबले.

१७ नोव्हेंबर, दुपार
घरी आहे.
काउंटरवरची मुलगी माझ्या पुतणीच्या वयाची. म्हणे, तिकडे उतरताना पासपोर्ट निदान सहा महिने चालणारा हवा, तुमचा फेब्रुवारीत संपतोय. मी तिला मुदत या शब्दाचा अर्थ सांगितला. तिने साहेबाला बोलावलं. त्याने तेच जास्त गोड बोलून सांगितलं. मागची लाइन च्यक-च्यक करत होती. मेंढरं.
मी दोघींना म्हटलं, चला, असल्या एअरलाइनने आपल्याला जायचंच नाही. अनुजा आईकडे बघत राहिली. आई कधी विमानतळाच्या आतसुद्धा आली नव्हती. तिने पदर खोचला.
"तू घराक जा," ती म्हणाली. "आमी जावन येतंव."
अनुजाने माझ्या हातातून फाइल घेतली. जाताना एकदा वळली. मला वाटलं, परत येतेय. गॅसचा कॉक बंद केलाय ना, एवढंच विचारलं.
हार घालून गेलेला माणूस त्याच दुपारी परत कसा येणार? चाळ जेवून झोपलेली होती. चपला हातात घेऊन वर आलो. आठवडाभर आतच राहायचं. हा एक प्रकारचा परदेशवासच आहे.

१८ नोव्हेंबर
दिवा लावायचा नाही. फोडणी द्यायची नाही, वास जातो. भात आणि मीठ. संडास गॅलरीच्या टोकाला आहे. याबद्दल एकाही ट्रॅव्हल व्हिडिओत काही नाही. मास्क, टोपी, गॉगल लावून जाऊन आलो. वाटेत जाईबाई दिसल्या. ओळखलं नाही. बाजूला होऊन वाट दिली.
ग्रुपवर टाकलं: क्वालालंपूरहून शुभ सकाळ. जाईबाईंनी विचारलं, हवा कशी? लिहिलं, कडक ऊन. थोड्या वेळाने अनुजाचा फोटो आला. दोघी एका छत्रीत, चिंब. ग्रुपवर दुरुस्ती टाकली: इथलं हवामान बेभरवशाचं. भरपूर हसऱ्या खुणा आल्या. लोकप्रियता वाढतेय.

२० नोव्हेंबर
अनुजाला फोन करून बजावलं की रस्त्यावरचं काही खायचं नाही. ती म्हणाली, आत्ताच खाल्लं, आईंनी दुसऱ्यांदा मागवलं. आईने म्हणे बाजारात मासळीवालीशी भावही केला. ती मलयमध्ये, आई मालवणीत. सौदा जमला. मी एक्स्चेंज रेट सांगायला लागलो, तर म्हणाली, "अहो, नंतर बोलते. आई रांगेत एकट्याच आहेत."
मग एक फोटो पाठवला. आईच्या डोक्यावर माझी बॅगेत राहिलेली नवी टोपी. अनुजाचा हात तिच्या खांद्यावर. दोघी कशाला तरी इतक्या हसताहेत की आईचे डोळे मिटलेत. अशा हसताना मी त्यांना कधी पाहिलं नाही. बराच वेळ फोटो मोठा करून बघितला. कशाला हसताहेत ते त्यात दिसत नाही.
प्रवासाने माणसं जवळ येतात, हे मी नेहमी सांगतो.

२१ नोव्हेंबर
दुपारी दारावर थाप. श्वास रोखून बसलो. बाहेरून जाईबाई म्हणाल्या, "दार उघड रे. तुझ्या आयेन विमानतळावरसूनच फोन केल्यान. झीलाक जेवूक घाल म्हणाली. चार दिस वाट बघली, आपणान येशीत म्हणान."
उघडलं. बांगड्याचं तिखलं आणि भाकऱ्या. मागे गॅलरीत हितेश आणि इतर सगळे उभे. म्हणजे हवा-पाणी विचारत होते ते सगळं माहीत असून. आधी राग आला. मग विचार केला, इतके दिवस अख्ख्या चाळीने माझं गुपित जपलं. आदर असल्याशिवाय कोण जपतं?
भाकऱ्या सगळ्या संपवल्या. ग्रुपवरचं मार्गदर्शन तूर्त स्थगित.

२५ नोव्हेंबर, संध्याकाळ
दोघी आल्या. मी टॅक्सीपाशी गेलो तर आईने बॅग दिली नाही, चाकं आहेत म्हणाली. पायात कॅनव्हासचे बूट.
गॅलरीत गर्दी. मधल्या खुर्चीवर आई, बाजूला अनुजा. एक सुरू करते, दुसरी पुरं करते. हितेश त्यांना प्रश्न विचारतो. आईचा सल्ला: समोरच्याकडे बघून हसायचं, आणि पाय दुखले तर सोबतच्या माणसाला सांगायचं. एवढंच. इन्शुरन्सचा उल्लेख नाही. लोक माना डोलवत होते.
फेब्रुवारीत व्हिएतनाम, असं अनुजाने जाहीर केलं. दोघीच. विमानातच ठरलं म्हणे. मी म्हणालो, तोवर माझा नवा पासपोर्ट येईल. गलका होता, कोणाला ऐकू गेलं नसावं. पुन्हा म्हणालो.
अनुजाने वळून बघितलं. "अहो," ती म्हणाली, "सगळ्यांसाठी चहा टाकता का?"
टाकला. चहात घालायला आलं घरात नव्हतं.