मापाचं रक्त

३ मार्च

आले एकदाची! ताईने गच्चीलगतची खोली माझ्यासाठी रिकामी केली आहे. भावोजींनी पडदे उलटे लावलेत, पण हौसेने लावलेत म्हणून त्यावर चकार शब्द काढायचा नाही, असं ताईने मला स्वयंपाकघरात ओढत नेऊन बजावलं. चिमी, माझी पाच वर्षांची भाची, माझ्या बॅगेवर ठाण मांडून बसली आणि मावशीने आणलेलं सगळं आपलंच असल्याचं तिने जाहीर केलं.

ताईचा डावा हात आज टम्म सुजला आहे. लहानपणापासून तिचं हे असंच. कधी ओठ, कधी हात. खाज नाही, काही नाही, दोन-तीन दिवसांत आपोआप उतरतं. म्हणून घरात तिचं नाव 'फुगा'. आईलाही असंच व्हायचं. आई घसा सुजूनच गेली. गांधीलमाशी चावली असेल, असं सगळे म्हणाले. माशी कुणीच पाहिली नव्हती. मला मात्र आजवर साधा डाससुद्धा नीट चावलेला नाही. घरातली ठणठणीत ती मी!

४ मार्च

प्रयोगशाळेतला पहिला दिवस. मुख्य बाई कडक आहेत, पण चहा स्वतः ओततात. माझं टेबल खिडकीपाशी, आणि माझ्याकडे एकच तपासणी: रक्तातल्या 'लगामा'ची. हे बाईंनी ठेवलेलं नाव. रक्तातले शिपाई रोगाशी लढतात, पण त्यांना आवरणारं एक प्रथिनही लागतं. ते बनवणारं जनुक बिघडलेलं असलं की शिपाई उधळतात आणि अंग सुजतं. घसा सुजला तर माणूस हाती लागत नाही. अॅलर्जीची इंजेक्शनं तिथे पाण्यासारखी; बाहेरून लगामच टोचावा लागतो. आईबापातल्या एकाकडे हे जनुक असलं तरी मुलांत उतरू शकतं.

प्रत्येकाचं रक्त एका निरोगी रक्ताशी ताडून पाहतात. हे मापाचं रक्त नव्या माणसाने द्यायचं, ही इथली जुनी रीत. एरवी चार-पाच जणांचं एकत्र मिसळून घेतात. सध्या निम्मी प्रयोगशाळा सर्दीने बेजार आणि उरलेले गोळ्यांवर, म्हणून बाईंनी या खेपेला फक्त माझंच घेतलं. नळ्यांवर एकाने हसरा चेहरा काढून दिला. म्हणजे आता सगळं गाव माझ्याशी मोजणार! मी दिवसभर कॉलर ताठ करून हिंडले.

१२ मार्च

हात बसला. येणाऱ्यांचे आकडे दणदणीत येताहेत, मापापेक्षा कितीतरी वर. मी बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, आपण कमी कोणाला आहे ते शोधतो. जास्त आहे म्हणून कोणी तक्रार घेऊन येत नाही. खरंच की.

१९ मार्च

ताईची अक्कलदाढ काढायची आहे. सुजेचं ऐकून दातांचे डॉक्टर थबकले. आधी लगामाची तपासणी करा म्हणाले. चिमीचे टॉन्सिलही पुढच्या महिन्यात काढायचे आहेत, तेव्हा ताईने मायलेकी दोघींचंही रक्त दिलं. चिमीने भोकाड पसरलं. ताई वरवर हसत होती, पण नळ्या मी हातात घेतल्या तेव्हा तिने हळूच विचारलं, आईचं तेच तर नसेल ना?

२१ मार्च

नाही! दोघींचे आकडे उत्तम. ताईचा तर मापाशी तंतोतंत जुळतो. मी धावत घरी आले. ताईने मला मिठी मारली आणि रडली. इतकी वर्षं ती मनात काय घेऊन जगत होती, ते मला आज कळलं.

२४ मार्च

दाढ निघाली. गाल सुजलाय, पण तो सुजणारच. भावोजी तिला चिडवताहेत.

२५ मार्च

सकाळी ताईचा आवाज घोगरा. मग गिळता येईना. हॉस्पिटलात इंजेक्शनं दिली, पुन्हा दिली. डॉक्टरांनी मला आनुवंशिक सुजेबद्दल विचारलं. मी त्यांना रिपोर्ट दाखवला. मीच दाखवला.

ताई दुपारी गेली.

२ एप्रिल

भूल देण्याचं औषध बाधलं, असं सगळे म्हणतात. भावोजी चिमीला घेऊन आपल्या आईकडे गेलेत. टॉन्सिलची तारीख ताईनेच ठरवली होती, ती त्यांना मोडायची नाही. फोनवर विचारत होते, चिमीचा रिपोर्ट नक्की ना? मी म्हटलं, डोळे झाकून करा.

७ एप्रिल

आज कामावर गेले. मापाचं रक्त संपत आलं, म्हणून बाईंनी कंपनीकडून मागवलेलं नवं आलंय. मी सहज जुनं त्याच्याशी ताडून पाहिलं.

पुन्हा केलं. बाईंनी स्वतः केलं.

माझ्या रक्तात लगाम नावापुरता आहे. ताईइतकाच. म्हणूनच तंतोतंत जुळलं. आम्ही आजाऱ्याला आजाऱ्याशी मोजलं आणि निरोगी म्हटलं.

बाईंनी पेशंटांची यादी काढली. मग एकेका पेशंटला फोन लावू लागल्या.

चिमीचा आकडा — चिमीचाही माझ्याइतकाच. ऑपरेशन उद्या सकाळी आहे. भावोजींचा फोन बंद. त्यांच्या आईचा कोणी उचलत नाही. निरोप पाठवलाय. पाहिलेला नाही.

८ एप्रिल

पहाटे उजवा हात सुजला. मला. आयुष्यात पहिल्यांदा.

पहिली बस पकडून भावोजींच्या आईच्या गावी निघाले. भावोजींचा फोन अजून बंद. हॉस्पिटलचं नाव मी कधी विचारलंच नव्हतं — कशाला विचारलं असतं —

बसमध्ये ओठ. मग घसा दाटला. बाईंशी बोलले, त्यांना माझा आवाज ओळखू येईना. मला कुठल्याशा दवाखान्यात उतरवलंय. इंजेक्शन देताहेत. पाणीच आहे ते, मला माहीत आहे. खरं औषध इथे नाही. सांगायला गेले तर आवाज नाही. म्हणून लिहिते. डाव्या हाताने.

ताई, मी घरातली ठणठणीत —

श्वास वाजतोय —

फोन थरथरला. भावोजी. माझा निरोप अजून पाहिलेला नाही, आधी फोटोच पाठवलाय. चिमी खाटेवर बसून आइस्क्रीम खातेय. खाली लिहिलंय, सगळं छान झालं, तुझ्यामुळे धीर आला.

चिमी हसतेय. तिचा वरचा ओठ —