खांद्याला लागणारी रेघ

प्रिय दादा,

सहा वर्षांत तुला एक ओळ पाठवली नाही, आणि आज नदीला पाणी चढत असताना लिहायला बसले आहे. वरच्या जेवणाच्या हॉलमध्ये आहे. भोवती नऊ कुटुंबं, ओले टॉवेल, अर्धवट उकडलेले बटाटे आणि माझ्यावर डोळे वटारलेली माणसं. घंटा वाजवून वीस मिनिटं झाली. वाजवली तेव्हा पाणी नदीकाठच्या खांबावरच्या, पुराच्या इशाऱ्याच्या लाल रेघेच्या चांगलं दीड वीत खाली होतं, तरी मी सगळ्यांना केबिन सोडायला लावल्या. चार नंबरमधले आजोबा पत्त्यांचा डाव तसाच हातात धरून आलेत. बाबा खिडकीशी उभे आहेत. त्यांची पाठच विचारते आहे की रेघ असताना स्वतःचं डोकं कशाला चालवलंस.

आपला सुट्टीतल्या पाहुण्यांचा कॅम्प तू सोडलास तसाच आहे. दोन नंबरचं दार अजून कमरेचा धक्का दिल्याशिवाय लागत नाही. दुमजली पलंगावर वर कुणी झोपायचं यावरून भावंडं अजून हमरीतुमरीवर येतात. एक नंबर अजून सगळ्यात आधी भरते, कारण तिच्या पायरीवर बसलं की पाय जवळजवळ नदीतच. पाण्यावर लक्ष ठेवायचं तुझं काम आता माझ्याकडे आहे. तुझा विषय घरात कुणी काढत नाही. आईनं तुझ्या मुलीसाठी विणलेला स्वेटर कपाटात पडून आहे, एव्हाना तो तिला होणारही नाही.

सहा वर्षांपूर्वीच्या त्या पुराच्या दिवसाचं मी तुला काय सांगू, तू भोगलंस. लोक मात्र अजून सांगतात की पोराचा डोळा लागला आणि घंटा वाजवायला उशीर झाला. एक नंबरमध्ये पाणी शिरलं, तिथं उतरलेल्या शिक्षकांची आई घसरली, कमरेचं हाड मोडलं आणि ती पुन्हा चालली नाही. तू एकच धरून बसला होतास, की रेघेला पाणी लागल्याबरोबर मी घंटा वाजवली. खांबापाशी बसलेल्याला झाडांमुळे एक नंबर दिसत नाही, हेही सांगून पाहिलंस. बाबा सगळ्यांदेखत म्हणाले, "रेघ खोटं बोलत नाही, तू बोलतोयस." संध्याकाळी तू बॅग उचललीस. मी दारात उभी होते आणि गप्प होते.

तुला आठवतं, दर उन्हाळ्यात तू मला त्या खांबाला टेकवून उभं करायचास? म्हणायचास, बुटके, रेघ खांद्याला लागेल तेव्हा एकटी नदीत उतर, तोवर नाही. तीन उन्हाळे मी टाचा उचलून लबाडी केली आणि तू टपली मारून मला खाली आणलंस. बाराव्या वर्षी ती खरंच लागली. त्या दिवशी ओठ निळे पडेपर्यंत पोहले. पुढे मी ताडमाड वाढले, तुझ्याही वर गेले, तरी तुझ्यासाठी बुटकीच राहिले.

आत्ता उठून बघून आले. पाणी चढतंय, पण सावकाश. आजोबा विचारतात, "बाई, जाऊ का परत? बटाटे वाया चाललेत." मी नाही म्हटलं. पाणी आलं नाही तर पुढे जे लिहिते आहे त्यावर बाबांचा कधीच विश्वास बसणार नाही, आणि तुझ्यावरचा ठपका तसाच राहील.

दादा, त्या पुराच्या आधी, उन्हाळ्यात, बाबांनी मला खांब रंगवायला सांगितला होता. बजावलं होतं की गवंडी दोन जागांची पातळी जुळवायला वापरतात ती पाण्याची नळी लाव आणि एक नंबरच्या पायरीच्या वीतभर खाली रेघ ओढ. नळी धरायला दोघं लागतात, तू बाजारात गेला होतास, ऊन मी म्हणत होतं. मी सगळा खांब पांढरा करून टाकला, त्यात जुनी रेघ गेली. मग वाटलं, नळी कशाला हवी, रेघ माझ्या खांद्याला लागते हे मी झोपेतही सांगेन. खांबाला टेकले, खांद्यापाशी खूण केली आणि लाल रंग देऊन मोकळी झाले. मी आता बारा वर्षांची नाही, हे डोक्यातच आलं नाही. तू बॅग भरत होतास तेव्हा आलं, आणि मी घाबरले. नंतर स्वतःची समजूत घालत राहिले की तसं नसेलच. पाणीही पुन्हा कधी तेवढं चढलं नाही. मंगळवारी खांब खरवडायला घेतला, तर माझ्या रेघेच्या दीड वीत खाली जुना लाल रंग निघाला. आज पाणी तिथं टेकल्याबरोबर मी घंटा वाजवली. हे लिहिता लिहिता बाबांनी मला खिडकीशी बोलावलं. एक नंबरची पायरी पाण्याखाली गेली आहे आणि माझी रेघ अजून कोरडी आहे. मी त्यांना सगळं सांगितलं, सगळ्यांदेखत, जसं त्यांनी तुला ऐकवलं होतं. ते पाण्याकडे बघतच म्हणाले, "त्याला कळव." मला माफ कर असं म्हणायचं तोंड मला नाही. तू त्या दिवशी क्षणाचाही उशीर केला नव्हतास.

तुझीच,
बुटकी