खुरी कायनं पसरते

मु. बोरगाव, ता. सौंसर
९ सप्टेंबर १९८४

राजमान्य यशवंतरावजी,

धाकटे जावई गुणवंता यांचा रामराम. मामींचे, म्हंजे सासूबाईंचे, गुडघे कसे आहेत? कापूस बरा असन. तुमची बहीण खुशाल असनच, तिच्याबद्दल मी काही विचारून नाही राहिलो.

तुमचा निरोप भेटला का आमच्या घरी ढोरायले खुरी, म्हंजे लाळ-खुरकत, आहे तोवर बहिणीले पाठवत नाही, अन् मीही मोहगावात पाय ठेवू नये, कारण ढोरायच्या डॉक्टरनं सांगितलं का रोग चपलेवरून येते. मले हे पटत नाही. डॉक्टर म्हणते हवेनंही पसरते. मंग हवा तं बोरगावहून मोहगावले रोज जाऊन राहिली, तिले तुम्ही वेशीवर काहून अडवत नाही?

मी सोता तपासून पाहिलं. बैल लाळ गाळून राहिला होता, त्याच्याच गव्हाणीवर गाय बांधली. (डॉक्टरनं पाहिलं असतं तं मलेच बांधलं असतं.) तीन दिवस गाय ठणठणीत. मी पानठेल्यावर जाऊन डॉक्टरचं शास्त्र खोटं म्हणून सांगून आलो. चौथ्या दिवशी गायीच्या तोंडाले फोड आले, लंगडाले लागली, चारा सोडला. लोक हसले. पण लोकायले काय माहीत, ते गाय तुमच्या बहिणीच्या हाताबिगर पान्हा सोडत नाही. मी तिचं जुनं लुगडं पांघरून दुहाले बसलो, तं गायीनं बादलीसकट मले उलथवलं. ते झुरणीनं पडली, दुसरं काही नाही. मीही पंधरा दिवसांपासून धड जेवलो नाही. मले कोणता जंतू चावला, विचारा डॉक्टरले.

आपला,
गुणवंता

ता. क. हे पत्र तीन आठवडे खिशातच राहिलं. मधात डॉक्टर खरा निघाला. तुरटीच्या पाण्यानं खुरं धुतली, दोन्ही ढोरं आता चरून राहिली. तुमालेही त्यानं तसं कळवलं म्हणते.

ता. क. दुसरा. रोग गेला, तरी मोहगावच्या मोटारीतून ती उतरत नाही. (मी स्टँडवर रोज संत्र्याचा भाव विचाराले जातो.) पाहुण्यायसमोर मी तिच्या माहेराबद्दल वाकडं बोललो होतो, ते तिनं तुमाले सांगितलं असन. खरं सांगा, खुरीपायी थांबली का माह्या बोलण्यापायी? खुरीपायी असन तं आणखी महिनाभर वाट पाहतो. बोलण्यापायी असन तं हे पत्र तिच्याच हाती द्या. चुकलं माहं. मले तिच्याबिगर करमत नाही.