माझे बॅक्टेरिया डावीकडे जातात

२ फेब्रुवारी, सोमवार
...आणि म्हणूनच मॅडमचं चुकतंय. शुक्रवारच्या मीटिंगमध्ये एक तरी रिझल्ट दाखव, नाहीतर प्रोजेक्ट ज्युनिअरला देते, असं सगळ्यांसमोर म्हणाल्या. दाखवतो ना. बॅक्टेरियाला नाक नाही, डोळे नाहीत, तरी साखर कुठे आहे ते बरोबर कळतं. सरळ पोहायचं, गिरकी घ्यायची, परत पोहायचं. साखर वाढत गेली की गिरक्या कमी. इतकं सोपं. उद्यापासून रोज आठला लॅबमध्ये.

३ फेब्रुवारी, स. ११.१५
अलार्मची चूक. प्लेटमधल्या पातळ जेलीवर मधोमध बॅक्टेरियाचा थेंब टाकला, डाव्या कडेला साखर. ज्युनिअर म्हणाली, दादा, बिनसाखरेचीही एक ठेव, तुलनेला. उत्तर माहीत असताना तुलना कशाला? तरी ठेवली. मन मोठं आहे माझं. दोन्ही प्लेट्स इनक्युबेटरमध्ये, म्हणजे जंतू वाढवायच्या उबदार कपाटात, एकाच फळीवर.

४ फेब्रुवारी, स. ९.४०
डावीकडे! थेट साखरेपर्यंत. लगेच आईला फोन. ती म्हणाली, जंतूच ना ते, मग हात धुतलेस का.

दुपारी
बिनसाखरेची प्लेट बघितली. तीही डावीकडे. ज्युनिअरला समजावलं, शेजारच्या साखरेची बातमी लागली असणार. प्लास्टिकमधून का, म्हणाली. नवीन शोध पहिल्यांदा असाच वाटतो, असं सांगितलं. संध्याकाळी साखर उजवीकडे ठेवून नवी प्लेट लावली. पेपरचं टायटल तयार आहे.

५ फेब्रुवारी
साखर उजवीकडे, बॅक्टेरिया डावीकडे. म्हणजे काल भूक होती, आज पोट भरलंय. शोध दोन झाले. टायटल बदलावं लागणार. स्लाइड्स बावीस.

६ फेब्रुवारी, शुक्रवार
तिसऱ्या स्लाइडला मॅडमनी थांबवलं. ज्युनिअरने काल त्याच इनक्युबेटरमध्ये स्वतःची एक प्लेट ठेवली होती म्हणे. बॅक्टेरिया नाहीत, साखर नाही, नुसता शाईचा थेंब. तोही ओघळत डावीकडे गेलेला. कोणी हसलं नाही, तेच जास्त लागलं. मॅडम उठल्या, इनक्युबेटर उघडून फळीवर पेन आडवं ठेवलं. पेन घरंगळत डावीकडे गेलं. मग शांतपणे म्हणाल्या, प्रोजेक्ट हिला दे, प्रयोगाच्या वहीसकट.

वही घेताना ज्युनिअर म्हणाली, दादा, वाईट वाटून घेऊ नकोस, अक्षर छान आहे तुझं.

आता तुम्हीच सांगा, फळी लॅबची, उतार फळीचा, ओघळले बॅक्टेरिया. यात माझं नेमकं काय चुकलं?