दोन झाकणं

३ एप्रिल, अकोला
लागलो बाप्पा नोकरीले! अंजनगावात बाबा म्हणत, श्याम, दहावीत दोनदा लटकला तू, तुले कोण ठेवते? ठेवलं ना, उंदरायनं! लॅबमधी साठ पांढरेफक उंदरं हायेत, लाल डोळ्याचे. अर्ध्या पिंजऱ्यायले लाल चिठ्ठी, अर्ध्यायले हिरवी. गीतांजली मॅडमनं समजून सांगतलं. सगळ्यायले लस टोचली, म्हंजे रोगाशी लढाले रक्तात अँटिबॉडी तयार होते. पण लालवाल्यायले पाण्यातून अशी दवा, का थे फौज बनतच नाई. कोणी नुसतं खोकललं तरी मरतीन, म्हणून आमी मास्क लावाचा.
पाणी इथले जुने शेषरावकाका भरतात. हप्ताभराच्या दवाच्या कॅनले लाल झाकण, काकाच्या अन् माह्या पिण्याच्या कॅनले हिरवं. दवाले ना वास ना चव. गर्मी अशी का हप्त्याले मी एकटाच अर्धी कॅन पेतो.

७ एप्रिल
आज नवी दवा भरली. संध्याकाळी जाताना झाकणं बदलवून ठेवले. उद्या काका पेला तोंडाले लावतीन तवाच वरडाचं, काका, उंदराची दवा! म्हाताऱ्याचं तोंड पाहाचं हाये मले.

८ एप्रिल
उशिरा उठलो. पोचलो तं काकाचा पेला रिकामा! कोणी पाहाच्या आत झाकणं पयल्यासारके केले. सांगतलं नाई, नोकरी गेली असती. एका पेल्यानं काय होते?

१९ एप्रिल
काकाले पिंजऱ्याची तार लागली व्हती, नखाएवढी. हात कोपरालोक सुजला. तापात अमरावतीले दवाखान्यात नेलं. मले परवा उंदीर चावला, थे बोटबी ठणकून राहिलं.

२१ एप्रिल
मॅडमनं उंदरायचा रिपोर्ट दोनदा तपासला. लालवाल्यायच्या रक्तात अँटिबॉडी भरभरून. म्हणे, मंग हप्ताभर दवा गेली कुठं?
उंदरं जाळीले नाक लावून माह्याकडेच पाहून राहिले —

२२ एप्रिल, अमरावती
काकापाशी सगळं कबूल केलं. थे तापातबी हसले. म्हणे, पोट्ट्या, मले खिडकीतून दिसलं व्हतं. तू गेला का लगेच मी झाकणं सरके केले. म्हटलं पाहू, सकाळी कोणाचं तोंड उतरते.
म्हंजे आठ तारखेले मी — सरके नाई — उलटे केले.
हप्ताभर आमी दोघं — कॅन रिकामी होयेलोक —
डॉक्टरले सांगतलं. त्यायनं माहं रक्त काढलं.

२४ एप्रिल
काका गेले. मरेलोक मले "बह्याड" म्हणून हसत व्हते.
माह्या रक्तात फौज नाई. काचंच्या खोलीत ठेवलं. बोट काळं —

२५ एप्रिल
सिस्टर मास्क लावून आली. पलंगाले चिठ्ठी बांधली. लाल.
काचंले नाक लावून बसलो.
बाहेर कोणी खोकलून राहिलं. लय जवळ. मास्क नाई त्याच्या — अरे भाऊ, नको — तो दार उघ