अक्काला आवडलेला शेवट

सोलापूर, रविवार, दिवेलागणीनंतर

डोकं भणभणतंय. चिडावं कुणावर, तेच कळत नाही.

आज थोरल्या बहिणीला, अक्काला, बोलपटाला नेलं. केस काढलेली सोवळी बाई थिएटरात शोभते का, म्हणून वडील आधी अडून बसले होते. 'पुस्तकावरचा आहे' म्हटल्यावर गप्प झाले. ती कादंबरी मीच अक्काला वाचून दाखवली होती. विधवा थोरलीचं केशवपन होतं, तेव्हा धाकटी आपली वेणी कापून तिच्याशेजारी जाऊन बसते. ते पान वाचताना मी दरवेळी रडते.

आणि बोलपटात? धाकटीनं कात्री घेतली, गाणं म्हटलं, आणि ऐनवेळी थोरलीनं कात्री हिसकावली. वेणी शाबूत! नटीचे केस कोण कापू देणार? बाहेर येताना मी नुसती तणतणत होते.

अक्का पदर पुढे ओढत म्हणाली, "बरं झालं की. मला हाच शेवट आवडला."

"अगं, पण पुस्तकात..."

"पुस्तकात वेणी कापून धाकटीला समाधान मिळालं. थोरलीला काय मिळालं? घरात बघायला एक वेणी होती, तीही गेली."

मग बहिणीसाठी काही करायचंच नाही का? की मी आजवर रडत होते ते फक्त धाकटीसाठी?

घरी आल्यावर अक्कानं फणी घेऊन मला पुढ्यात बसवलं. वेणी घालून झाली, तरी तिनं शेपटा हातातून सोडला नाही. मीही हलले नाही.